ओंडका विकावा की फळी?

भोसरीत पॅकिंगच्या पेट्या आणि पॅलेट, म्हणजे माल रचायचे लाकडी पाट, बनवणारा एक छोटा कारखाना माझ्या ओळखीचा आहे. उन्हाळ्यात एकदा तिथे गेलो, तेव्हा रंद्याजवळ दोन लाकडं शेजारी शेजारी पडलेली दिसली. दोन्ही पाईनच. पण एकाच्या कापलेल्या तोंडावरची वर्तुळं बोटाएवढी रुंद होती आणि दुसऱ्यावरची इतकी दाट, की मोजायला नखाचं टोक टेकवावं लागत होतं. तिथल्या जुन्या मिस्त्रींनी फूटपट्टी ठेवून दाखवलं. "ह्या चार इंचांत सात वर्षं, साहेब. आणि ह्या चार इंचांत साठ मोजली, अजून पुढे आहेतच." पहिलं न्यूझीलंडचं रेडिएटा पाईन, दुसरं रशियाचं. मिस्त्रींच्या हिशेबात पहिलं पॅलेटच्या कामाचं, दुसरं दारं-खिडक्यांच्या.

जागतिक व्यापाराच्या कागदावर मात्र या दोन झाडांचे ओंडके एकाच क्रमांकाखाली येतात. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात न चिरलेल्या लाकडाचं कलम ४४०३, आणि चिरून फळ्या केल्या की ४४०७. झाड वाढायला अठ्ठावीस वर्षं लागली की सव्वाशे, ते कुणीतरी लावलं होतं की आपलं आपण उगवलं होतं, हे त्या क्रमांकात कुठेच येत नाही. सूचिपर्णी लाकडाच्या व्यापाराबद्दल जे वाद चालतात त्यांतला बराचसा गोंधळ इथून सुरू होतो, असं माझं मत आहे.

गेल्या वीस वर्षांत या दोन देशांनी अगदी उलट वाटा धरल्या. रशियाने आधी जकात वाढवत नेली आणि १ जानेवारी २०२२ पासून सूचिपर्णी झाडांचे आणि ओक, बीच, अ‍ॅश अशा मौल्यवान झाडांचे कच्चे ओंडके देशाबाहेर पाठवायलाच बंदी घातली. न्यूझीलंडने दार सताड उघडं ठेवलं. तिथे वर्षाला साधारण साडेतीन कोटी घनमीटर लाकूड तोडलं जातं आणि त्यातलं निम्म्याहून बरंच जास्त, साठ टक्क्यांच्या आसपास, ओंडक्यांच्याच रूपात जहाजात चढतं. आज सूचिपर्णी ओंडके विकणाऱ्या देशांत न्यूझीलंड सगळ्यांत पुढे आहे.

यांपैकी शहाणा कोण, असं विचारलं तर मराठी माणसाचा कौल पटकन रशियाकडे जाईल. त्याला कारणही आहे. वऱ्हाडातला कापूस मँचेस्टरला जायचा आणि कापड होऊन परत यायचा, ही आठवण आपल्या सार्वजनिक विचारात खोल रुजलेली आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९० च्या दशकात पुण्यात भारतीय अर्थशास्त्राची मांडणी केली तीच मुळी या दुखऱ्या जागेवर बोट ठेवून: वसाहतीने कच्चा माल पिकवत राहायचं आणि कारखाने दुसऱ्याच्या घरी चालायचे. तेव्हा ओंडका विकू नका, फळी विका, हे वाक्य आपल्याला ऐकताक्षणीच पटतं. मलाही पटत होतं. पण लासलगावच्या कांदा उत्पादकाला विचारा. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात एका अधिसूचनेने बंद झाली ती मे २०२४ पर्यंत उघडली नाही. त्या पाच महिन्यांत जिल्ह्यात कांद्याच्या भुकटीचे कारखाने उभे राहिले नाहीत, भाव तेवढे पडले. दार बंद केलं म्हणून आतमध्ये गिरणी आपोआप सुरू होत नाही.

रशियाचं उदाहरण नीट पाहिलं पाहिजे, कारण ते सरळ फसलेलं नाही. २००६ च्या सुमारास रशिया वर्षाला पाच कोटी घनमीटरच्या आसपास ओंडके बाहेर पाठवत होता, जगात सर्वाधिक. जुलै २००७ मध्ये सूचिपर्णी ओंडक्यांवरची निर्यात जकात २० टक्के झाली, एप्रिल २००८ मध्ये २५ टक्के, आणि जानेवारी २००९ पासून ती ८० टक्के होणार असं जाहीर झालं. ती शेवटची पायरी पुढे ढकलली गेली, पण दहशत बसायची ती बसली. शेजारच्या फिनलंडच्या कागद गिरण्या रशियन लाकडावर मोठ्या प्रमाणात अवलंबून होत्या. २००८ च्या सुरुवातीला तिथे सुम्मा आणि केमियार्वी या गावांतल्या गिरण्या बंद झाल्या. कारणं आणखीही होती, पण जकातीचं नाव त्यांत होतं. २००९ पर्यंत रशियाची ओंडक्यांची निर्यात निम्म्याहून खाली आली. जागतिक मंदीचा वाटा त्यात आहेच, तरी सगळा नाही.

आणि फळ्यांची निर्यात वाढली. २०१० च्या दशकाच्या शेवटी चिरलेल्या सूचिपर्णी लाकडात रशिया कॅनडाच्या तोडीचा निर्यातदार झाला होता. म्हणजे जकातीने काहीच साधलं नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पण काय साधलं ते बघावं लागतं. सायबेरियात आणि अतिपूर्वेत उभ्या राहिलेल्या कितीतरी आरागिरण्या चिनी भांडवलाच्या होत्या. ओंडक्याच्या चार कडा छाटून ओली, जाडजूड तुळई करायची आणि रेल्वेने मांझौली किंवा सुइफेनहे या चीनच्या सीमेवरच्या गावांना पाठवायची. वाळवणं, रंदा मारणं, जोडकाम, फर्निचर, म्हणजे ज्यात खरा पैसा आहे ते सगळं सीमेपलीकडे. रशियन सरकारलाही हे दिसत होतं. म्हणून बंदीबरोबरच ओल्या, जाड कापलेल्या लाकडावर वेगळी, चढी जकात बसवावी लागली. एक पळवाट बुजवली की दुसरी, हा खेळ अजून चालू आहे.

पुढचं तर कुणाच्याच हातात नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये बंदी आली आणि फेब्रुवारीत युक्रेनवर आक्रमण झालं. एप्रिलमध्ये युरोपीय संघाने निर्बंधांच्या पाचव्या टप्प्यात रशियन लाकडाच्या आयातीवर बंदी घातली आणि जुलैपासून ती बाजारपेठ बंद झाली. ओंडका विकायचा नाही असं स्वतः ठरवलं, आणि सहा महिन्यांत फळी घेणाराही एकच मोठा उरला, चीन. चांगला भाव मिळावा म्हणून आखलेलं सगळं धोरण असं एका गिऱ्हाइकाच्या मुठीत गेलं.

जंगलाचं काय? बंदी जाहीर करताना बेकायदा तोडीला आळा, हे कारण वारंवार पुढे केलं गेलं होतं. रशियाकडे ऐंशी कोटी हेक्टरांहून जास्त जंगल आहे, जगातल्या जंगलाचा जवळपास पाचवा हिस्सा. ते सरकारी मालकीचं आहे आणि कंपन्यांना तोडीसाठी भाडेपट्ट्याने दिलं जातं. २००७ पासून लागू झालेल्या वन कायद्याने जंगलरक्षकांची जुनी केंद्रीय व्यवस्था मोडीत काढली. सायबेरियात दर उन्हाळ्यात वणवे पेटतात, २०२१ मध्ये याकुतियात ते भीषण होते, आणि तिथे पोचायला माणूसबळ पुरत नाही. सीमेवरचा कस्टम अधिकारी ओंडका अडवू शकतो. तोडलेल्या जागी पुन्हा काय उगवतंय हे बघायला जंगलात माणूस लागतो. त्याची नोकरी आधीच गेलेली होती.

आता न्यूझीलंड. रशियाने दार ओढून घेतलं तेव्हाच इकडचं दार उघडत होतं. १९९८ च्या यांग्त्सेच्या महापुरानंतर चीनने स्वतःच्या नैसर्गिक जंगलातली तोड आवरती घेतली आणि आयात ओंडक्यांवरचं शुल्क शून्यावर आणलं. एप्रिल २००८ मध्ये चीन आणि न्यूझीलंडचा मुक्त व्यापार करार झाला, एखाद्या विकसित देशाशी चीनने केलेला तो पहिलाच. रशियन ओंडके महागले, चीनमध्ये इमारतींचं बांधकाम जोरात होतं, आणि काँक्रीट ओतायला शटरिंगच्या फळ्या लागत होत्या. काही वर्षांत न्यूझीलंड चीनचा पहिल्या क्रमांकाचा पुरवठादार झाला. हल्ली न्यूझीलंडच्या दर दहा निर्यात ओंडक्यांमागे नऊ चीनला जातात. तिथल्या धक्क्यावर ओंडक्यांच्या ज्या प्रती ठरतात त्यांत 'के' नावाची एक प्रत आहे. ते अक्षर कोरियाचं, आणि मोजमाप जपानी पद्धतीच्या घनमीटरात. आपल्या डोंगरावरच्या झाडाची प्रतवारी आणि माप दोन्ही गिऱ्हाइकाच्या भाषेत, हे मला फार बोलकं वाटतं.

पण हे झाड जंगलातलं नाही, हेही तितकंच खरं. न्यूझीलंडमध्ये लागवडीची वनं सतरा-अठरा लाख हेक्टर आहेत आणि त्यांत दहापैकी नऊ झाडं रेडिएटा पाईनची. हे मूळचं कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं झाड. कुणीतरी ते रोपवाटिकेत वाढवलं, ओळीत लावलं, त्याच्या फांद्या छाटल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आसपास तोडलं. ते पीक आहे, उसासारखं, फक्त जास्त वर्षांचं. तिथल्या मूळ जंगलातल्या रिमू, तोतारा या झाडांच्या तोडीला आणि निर्यातीला १९९३ च्या कायद्याने कडक बंधनं आहेत. पीक विकणाऱ्याला, आधी त्याच्या फळ्या कर मग विक, असं सक्तीने सांगायला फार भक्कम कारण लागतं. ज्या छोट्या जमीनमालकाने १९९० च्या दशकात वीस हेक्टरांवर पाईन लावले, त्याला आयुष्यात एकदाच पैसे मिळणार असतात. गिरणी जवळ नसेल तर त्याने काय करावं?

गिरण्या का नाहीत, याचं सोपं उत्तर 'ओंडके बाहेर जातात म्हणून' असं दिलं जातं. कावेराउ या गावातली वर्तमानपत्री कागदाची गिरणी १९५५ पासून चालू होती, ती २०२१ मध्ये बंद झाली. तिला लाकूड कमी पडलं नव्हतं. जगात छापील वर्तमानपत्रंच कमी झाली होती. ओहाकुनेजवळची विन्स्टोन पल्प कंपनीची लगदा गिरणी आणि आरागिरणी २०२४ मध्ये बंद झाली, सव्वादोनशेच्या वर माणसं घरी बसली, आणि त्याचं ठळक कारण होतं विजेचे कडाडलेले दर. ओंडक्यांवर बंदी असती तरी त्या गिरणीचं बिल तेवढंच आलं असतं. मी इथे कुणाची वकिली करत नाही. आजार एक आणि औषध दुसरंच, एवढं मात्र सांगायला हवं.

न्यूझीलंडचा खरा दोष मला दिसतो तो पूर्व किनाऱ्यावर, गिस्बर्नच्या मागच्या डोंगरांत. तिथली माती मऊ, भुसभुशीत, लगेच घसरणारी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथलं मूळ जंगल तोडून, जाळून मेंढ्यांसाठी कुरणं केली गेली. मार्च १९८८ मध्ये बोला नावाचं चक्रीवादळ आलं आणि ती कुरणं अक्षरशः वाहून गेली. मग सरकारने ठरवलं की डोंगर धरून ठेवायचे तर झाडं हवीत, आणि अनुदान देऊन त्या उतारांवर पाईन लावून घेतले. निर्णय चांगला होता. पाईनच्या मुळांनी माती धरली.

आणि अठ्ठावीस वर्षांनी ते पाईन तोडणीला आले. माती धरायला लावलेली झाडं आता पीक होती. ओंडक्याला भाव होता, जहाज बंदरात उभं होतं. मग जो उतार घसरू नये म्हणून झाडं लावली तोच उतार माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकदम मोकळा झाला. पाईन तोडल्यावर त्याची मुळं काही वर्षांत कुजतात आणि नवीन रोपांच्या मुळांना जोर यायलाही काही वर्षं जातात. मधली सहा-सात वर्षं तो डोंगर कुणीच धरलेला नसतो. शिवाय जे लाकूड धक्क्यापर्यंत नेणं परवडत नाही, म्हणजे शेंडे, फांद्या, मोडके ओंडके, ते तिथेच टाकलं जातं. तिकडे त्याला स्लॅश म्हणतात. जून २०१८ मध्ये टोलागा बे इथे एका रात्रीच्या पावसाने हा स्लॅश नदीतून खाली आणला आणि सकाळी समुद्रकिनाऱ्यावर वाळू दिसेना, नजर जाईल तिथवर ओंडकेच ओंडके. फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळात हेच पुन्हा आणि जास्त मोठं झालं. ओंडके पुलांच्या खांबांना अडकले, पाणी तुंबलं, पूल गेले, गाळ शेतांत आणि घरांत शिरला. हा भाग मोठ्या प्रमाणावर माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, वस्तीचा. माजी मंत्री हेकिया पराटा यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी समितीने मे २०२३ मध्ये अहवाल दिला, त्यात या डोंगरांवरची सरसकट मोठी तोड थांबवा आणि पाणलोटाच्या हिशेबाने थोडी थोडी करा, असं स्पष्ट म्हटलं आहे.

त्या ओंडक्याच्या भावात हे पूल नव्हते. तोडणाऱ्या माणसाचा जीवही नव्हता: २०१३ या एका वर्षात न्यूझीलंडच्या वनतोडीत दहा कामगार मेले, उभ्या उतारांवर, केबल ओढताना, झाड अंगावर पडून. ओंडके देशातच चिरले असते तरी यातलं काही बदललं नसतं. तोच उतार, तीच तोड, फक्त ट्रक बंदराऐवजी आरागिरणीकडे वळला असता.

मला म्हणायचं आहे ते हेच. रशिया आणि न्यूझीलंड दोन्हीकडे सगळी चर्चा करवत कुठे फिरावी यावर झाली, आणि बुंध्यापाशी काय उरतं हा प्रश्न मागे राहिला. रशियात तो महत्त्वाचा, कारण तिथलं झाड ठेवा आहे. साठ वर्षांची चार इंचं पुन्हा मिळायला साठ वर्षं लागतात. तिथे बंधन हवं ते तोडीवर, आणि ते राबवायला पगारी माणसं. न्यूझीलंडमध्ये झाड पीक आहे, तिथे निर्यात खुशाल चालू द्यावी. पण ज्या उतारावर ते पीक घेतलं जातं त्याचा खर्च पीक घेणाऱ्याने उचलला पाहिजे: स्लॅश उचलून नेण्याचा, छोट्या तुकड्यांत तोडण्याचा, आणि अगदी कड्यासारख्या जमिनीवर पुन्हा पाईन न लावता मूळ जंगल येऊ देण्याचा. यामुळे ओंडका महाग होईल. होऊ दे. आज तो स्वस्त आहे, कारण फरकाची रक्कम टोलागा बेचे लोक भरतात.

ज्यांना निर्यातीवर बंधन आणायचंच आहे त्यांच्यासमोर सबुरीने चाललेली उदाहरणं आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ओंडका आधी स्थानिक गिरण्यांना देऊ करावा लागतो, कुणी घेतला नाही तर बाहेर जातो. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने पश्चिमेकडच्या सरकारी जंगलातले ओंडके देशाबाहेर पाठवणं थांबवलं, खाजगी जमिनीवरचे मोकळे ठेवले. म्हणजे ठेवा आणि पीक यांत त्यांनी काहीएक भेद केला. दोन्ही व्यवस्था निर्दोष नाहीत, पण त्या रातोरात कुणाच्या डोक्यात आदळल्या नाहीत.

एकाच गिऱ्हाइकाचा धोका मात्र दोघांनाही सारखाच आहे. २०२० च्या अखेरीस चीनने झाडपोखऱ्या किड्यांचं कारण देऊन ऑस्ट्रेलियाचे ओंडके थांबवले, ते मे २०२३ पर्यंत. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या ओंडक्यांवर तीच वेळ आली. चिनी घरबांधणी २०२१ नंतर बसली तेव्हा न्यूझीलंडच्या डोंगरांवर कामगारांच्या टोळ्या घरी बसल्या.

यात आपण कुठे आहोत? आपण गिऱ्हाईक आहोत. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणानंतर आणि गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ ला दिलेल्या आदेशानंतर देशातली तोड आवरली गेली, आणि कांडला-गांधीधामच्या आरागिरण्या परदेशी ओंडक्यांवर चालू लागल्या. चीनने पुरानंतर केलं तेच आपण कोर्टाच्या आदेशाने केलं: आपलं जंगल राखलं आणि गरज दुसऱ्याच्या डोंगरावर सोपवली. आपलं जंगल राखलं याचा मला आनंदच आहे. पण मग त्या दुसऱ्या डोंगराबद्दल विचारायची जबाबदारीही आपल्याकडे येते.

आपल्या अटींचे परिणाम तिकडे होतात, हे एका उदाहरणावरून कळतं. किडे येऊ नयेत म्हणून भारत न्यूझीलंडच्या ओंडक्यांना मिथाइल ब्रोमाइडची धुरी मागत आला. हा वायू विषारी आहे आणि ओझोनचा थर खातो. चीनकडे जाणाऱ्या जहाजांच्या पोटात फॉस्फिन या दुसऱ्या वायूची धुरी चालायची, आपल्याला तेवढ्यावर चालायचं नाही. टाउरंगा बंदराजवळ राहणाऱ्या आणि काम करणाऱ्या लोकांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. २०२१ मध्ये तिथल्या पर्यावरण प्राधिकरणाने नियम कडक केले, २०२३ पासून जहाजाच्या पोटात हा वायू सोडणं बंद झालं, आणि भारताकडच्या व्यापाराला मोठा धक्का बसला. भोसरीचे कारखानदार सांगतात की मधल्या काळात उरुग्वेचा पाईन जास्त येऊ लागला. तिथला डोंगर कसा आहे, तोड कशी होते, हे त्यांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

माल परदेशी पाठवायच्या प्रत्येक पॅलेटवर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे एक शिक्का असतो: गव्हाच्या ओंबीचं चित्र, देशाची दोन अक्षरं, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि लाकूड तापवून घेतल्याची खूण. मिस्त्रींनी तो शिक्का मला दाखवला. देशाची अक्षरं भारताची होती, कारण लाकूड भोसरीत तापवलं होतं. ते उगवलं कुठे, याला शिक्क्यात जागाच नाही. ती जागा निदान आपल्या बिलांत तरी असावी: कुठल्या देशातलं, कुठल्या भागातलं, लागवडीचं की नैसर्गिक जंगलातलं. कांडल्याला उतरताना हे सगळं कागदांवरून विचारता येतं. पुढे वखारीतून वखारीत जाताना ते गळून पडतं, आणि चाकणच्या एखाद्या कारखान्याच्या आवारात पॅलेट रचले जातात तेव्हा ते नुसतं 'पाईन' उरलेलं असतं.